स्टंपमागचा चेहरा

आमच्या ह्यांचा गुडघा गेला तो जेद्दाबाहेरच्या एका रेताड माळावर, शुक्रवारी सकाळी, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत. गाव म्हणजे आमचं, रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. ते समुद्रापलीकडे घरोघरी मोबाइल लावून मॅच बघत होतं. आणि आमच्या घरात सगळ्यांत पुढे बसली होती ह्यांची अम्मा, जिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

लोक म्हणतात, पन्नाशीला टेकलेला माणूस, पोरगी कॉलेजला निघालेली, आणि ह्याला उकिडवं बसून चेंडू अडवायची हौस कसली? मीही तेच म्हणायचे, आणि लोकांपेक्षा जोरात म्हणायचे. माझ्या तोंडाला हाड नाही हे माझ्या माहेरचेही कबूल करतात. लग्नाआधी मी गावच्या शाळेत शिकवत होते. वर्ग गप्प करायची सवय लागली ती सुटलीच नाही. पण आज मी त्या हौसेबद्दल काही बोलत नाही. का, ते सांगते.

जेद्दात आमच्या कोकणातल्या बऱ्याच गावांची आपापली टीम आहे. टीममध्ये फक्त गावचाच माणूस घ्यायचा. बाहेरचा कितीही मोठी तोफ असेना, त्याला प्रेक्षकांत बसून वडे खायची मुभा, बस्स. कोणी शराफिया बाजारातल्या दुकानात कामाला, कोणी कामगारांच्या कॅम्पमध्ये राहणारा वेल्डर, कोणी ड्रायव्हर. हे एसीच्या कंपनीत फोरमन. शुक्रवारी पहाटे फजरची नमाज झाली की सगळे माळावर, आणि दुपारच्या जुम्म्याच्या नमाजेआत आंघोळ करून मशिदीत. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या टीमचे कीपर हेच होते. कॅप्टन बदलले, बॉलर गावी परत गेले, कोणाचा इकामा, राहायचा परवाना, संपला, कोणाची कंपनी बुडाली. स्टंपमागे मात्र हेच. मी म्हणायचे, "आठवड्याची एक सुट्टी, तीही तो माळ सवतीसारखा घेऊन जातो." हे हसायचे आणि ग्लोव्ह्ज पिशवीत कोंबायचे.

मग मॅचेस लाइव्ह दिसायला लागल्या. कॅमेरा एकच, तीन पायांच्या तिकाटण्यावर लावलेला, बॉलरच्या मागे. आमच्या टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये सगळ्या ओव्हर एकाच बाजूने टाकतात, त्यामुळे कॅमेरा हलवायचा प्रश्न नाही. म्हणजे दिसतं काय? बॉलरची पाठ, पुढे बॅट्समन आणि त्याच्यामागे आपल्याकडे तोंड करून बसलेला कीपर. बॅट्समन येतात, जातात. बॉलर बदलतात. कीपर आपली फील्डिंग संपेपर्यंत तसाच समोर.

हे सगळ्यांत आधी कोणाच्या ध्यानात आलं असेल, तर सासूबाईंच्या. एका शुक्रवारी दिराचा मुलगा मॅच बघत होता. त्या सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. सहज मान वर केली तर मोबाइलमध्ये त्यांचा लेक. सूप राहिलं बाजूला. तेव्हापासून दर शुक्रवारी मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून ठेवायचा आणि त्यांनी समोर पाट घेऊन बसायचं, हा रिवाजच झाला. बाकीचं घर ओरडायचं, "गेला, गेला, सिक्स!" तर ह्या म्हणायच्या, "बाजूला व्हा रे, माझा पोर दिसत नाय."

तुम्ही म्हणाल, व्हिडिओ कॉल नव्हता काय? होता ना. पण ह्यांच्या घराण्यात बोलणं म्हणजे खिशातला शेवटचा पैसा. "जेवलास काय?" "जेवलो. तू?" "जेवले." "औषध?" "घेतलं." खलास. वर सासूबाई फोन असा धरायच्या की आम्हाला त्यांचा कान नाहीतर घराची कौलं दिसायची. त्यांचं म्हणणंच असं होतं की बोलायला लागलं की पोरगा दिसत नाही. त्यांना नुसतं बघायचं होतं. पोरगा विशीत परदेशी गेला, दोन वर्षांतून एकदा महिन्याभरासाठी येतो, तोही सगळ्या गावाचा होऊन. निवांत बघायला मिळाला तो असा, म्हातारपणी, मिठाच्या बरणीवर.

मॅच संपली की हे माळावरूनच फोन लावायचे. पलीकडून एकच शब्द यायचा, "दिसलास." कधी त्याला शेपूट जोडलेलं असायचं, "दिसलास, पण वाळलास." एकदा मात्र तक्रार आली. "ती टोपीची पडवी मागं कर. तोंडावर सावली पडते." पुढच्या शुक्रवारी ह्यांनी टोपी उलटी घातली, चोच मानेवर. आमची टीम हसून हसून लोळली. कॅप्टन म्हणाला, "भाई, हीरो झाले!" ह्यांनी कोणाला कारण सांगितलं नाही. जेद्दाच्या उन्हात डोळे किलकिले करून हा माणूस उलट्या टोपीने उभा राहायला लागला आणि तशीच त्याची ओळख झाली. नाकाचं टोक सोलून निघायचं, मी कोरफड लावायचे आणि शिव्या घालायचे.

गुडघा दुखायला लागला तो हळूहळू. आधी जिन्यावर कटकट आवाज. मग नमाजेत सजद्यातून उठताना जमिनीला हात टेकणं. मग कामावर शिडी चढताना कोणाला तरी खाली उभं करणं. मी म्हटलं, "लोक गुडघ्याला बाशिंग बांधतात, तुम्ही पट्टा बांधा." त्यांनी खरंच बांधला. शराफियातल्या दवाखान्यात एक केरळचा हाडांचा डॉक्टर आहे, त्याच्याकडे नेलं. त्याने एमआरआयचा फोटो दिव्यासमोर धरला आणि हिंदीत सांगितलं की गुडघ्यातली गादी फाटत चाललीय, उकिडवं बसणं बंद करा, अजूनही वेळ आहे. ह्यांनी विचारलं, "जुम्मे को थोड़ा सा?" डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "डॉक्टरसाब, इनका कान भी चेक कीजिए."

घरी येऊन मी जी सुरू झाले ती संध्याकाळच्या मगरिबच्या अजानपर्यंत. हे शेवटी म्हणाले, "बाउंड्रीवर उभा राहीन, बॅटिंग सोडीन, सगळं करीन. पण मी स्टंपमागून उठलो तर अम्मा कोणाला बघणार?"

मी चहा टाकायला उठले.

तर तो शुक्रवार. मी घरीच होते, मुलगी झोपलेली. माळावर काय झालं ते मला नंतर कॅप्टनने सांगितलं. लेगच्या बाजूने गेलेला चेंडू, ह्यांनी उडी मारली नाही, नुसते वळले. पाय रेतीत तसाच राहिला आणि गुडघा वळला. असा आवाज झाला की बॅट्समनने बॅट टाकली. सगळे धावले. कोणाला तरी अक्कल सुचली आणि त्याने कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. पण तोवर अम्माने बघायचं ते बघितलं होतं. हे जमिनीवर पडलेले, तोंडात रेती, आणि बाउंड्रीवरच्या पिशवीत ह्यांचा फोन वाजायला लागला. ह्यांनी म्हणे पहिल्यांदा फोन मागितला, मग पाणी. "काही नाही अम्मा, पाय घसरला." आवाज इतका साधा की माळावरची चांगली धिप्पाड माणसं तोंड फिरवून उभी राहिली.

ऑपरेशन झालं. केरळच्या डॉक्टरने ह्या वेळी फोटोबिटो काही दाखवला नाही. खुर्ची ओढून ह्यांच्याजवळ बसला आणि म्हणाला, चालाल, जिना चढाल, काम बसूनच करावं लागेल. उकिडवं बसणं आता ह्या जन्मात नाही. नमाजसुद्धा खुर्चीवर. हे "जी, जी" करत राहिले. कंपनीने त्यांना स्टोअररूममध्ये बसवलं, नटबोल्ट आणि फिल्टर द्यायला. कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, बरा माणूस होता, दुसऱ्याने फायनल एक्झिट हातात ठेवून कायमचं गावी धाडलं असतं.

पहिल्या जुम्म्याला मशिदीतून परत आले आणि दाराशीच बसले. चप्पलही काढली नाही. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "नमाजेच्या रांगेच्या टोकाला खुर्च्या लावलेल्या असतात ना, म्हाताऱ्यांच्या. मला वाटायचं, ह्यांना बसूनसुद्धा नमाजेला यायची हौस." एवढं म्हणून रडायला लागले. लग्नापासून मी ह्या माणसाला रडताना बघितलं नव्हतं, बाप गेला तेव्हाही नाही. मी चप्पल काढली त्यांची. मलाही रडू कोसळलं, आणि मी त्या माळाला, त्या चेंडूला, एकेकाला नावं ठेवत रडले.

इकडे हे असं, तर गावाकडे वेगळंच. दिराचा फोन आला. अम्मा नीट जेवत नाही. पोरगा पडलेला तिने बघितलाय, उठलेला बघितलेला नाही. व्हिडिओ कॉलवर तोंड दाखवलं तर म्हणते, "तोंडाला काय झालंय, पाय दाखव." पाय दाखवला तर म्हणते, "पलंगावरचा पाय कोणाचाही बरा दिसतो. खेळायला लागलास की मानीन." हे सांगत, पुढच्या महिन्यात अम्मा. आणि तो महिना काही येत नव्हता. घरी जाऊन भेटावं तर आजारपणात सगळी रजा संपलेली.

तेव्हा कॅप्टनच्या डोक्यातून ती कल्पना निघाली. ह्यांच्या जागी आता एक नवा कीपर उभा राहत होता. गावचाच, खालच्या मोहल्ल्यातला, तिशीतला एसी मेकॅनिक, ह्यांच्याच अंगलटीचा. कॅप्टन घरी आला आणि म्हणाला, "भाभी, भाईचा शर्ट त्याला घालू. टोपी पुढे ओढू, म्हणजे तोंड दिसणार नाही. अम्माच्या डोळ्यांना तसंही धूसर दिसतं, आणि गावची रेंज तुम्हाला माहितीय. म्हातारी दोन घास जेवेल तरी."

मी उसळले. "म्हाताऱ्या बाईला फसवता? लाज कशी वाटत नाही मेल्यांनो?" आमची मुलगी पलीकडून हेडफोन काढून म्हणाली, "दादी इज नॉट स्टुपिड, मम्मी," आणि परत लावून बसली. हे नुसते कॅप्टनकडे बघत होते, बुडणारा माणूस होडीकडे बघतो तसे. मग मी काय करणार? शर्ट इस्त्री करून दिला.

त्या शुक्रवारी मी पहिल्यांदा माळावर गेले. गाडीतच बसले होते. ह्यांना कॅमेऱ्याच्या मागे खुर्ची दिलेली. समोर तो मेकॅनिक, ह्यांचा नंबर पाठीवर, टोपीची चोच नाकापर्यंत ओढलेली, बिचारा चेंडूसुद्धा चाचपडत पकडत होता. मॅच संपली. ह्यांनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सगळी टीम भोवती गोळा झाली.

"अम्मा?"

"होय. बघितला हो खेळ."

"आता बरा वाटला ना माझा गुडघा?"

"चपळ झालास. मी जेवायला बसतेय आता."

टीमने एकमेकांना टाळ्या दिल्या. ह्यांनी फोन खिशात ठेवला आणि बराच वेळ स्टंपकडे बघत राहिले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "जेवली." मी म्हटलं, "हो." मला बरंही वाटलं आणि लाजही वाटली.

असे कितीतरी शुक्रवार गेले. मेकॅनिक टोपी ओढून उभा राहायचा, हे खुर्चीत बसायचे, फोन लागायचा. पलीकडून दर वेळी तेच. बघितला हो खेळ. हे सुटकेचा निःश्वास टाकायचे. मला मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहायचं, जेवणात मीठ राहून गेल्यासारखं. काय ते कळत नव्हतं.

शेवटी रजा मिळाली. गावी पोचलो ते दुपारी. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. ह्यांनी गाडीतून उतरताना काठी मुद्दाम आतच ठेवली. पाच-सहा पावलं जमेल तेवढं सरळ चालत आले आणि अम्माजवळ बसायला गेले, तर खाली बसता येईना. सासूबाईंनी घरात हाक मारली, "गो, खुर्ची आण त्याला." नुसतं एवढंच. जणू रोजचंच.

जाऊ खुर्ची घेऊन आली. हे बसले. सासूबाईंनी त्यांची पँट गुडघ्यापर्यंत वर केली, लहान पोराची करावी तशी, आणि ऑपरेशनच्या व्रणावरून बोट फिरवलं. हे म्हणाले, "आता बरा आहे अम्मा. तू बघतेस ना दर शुक्रवारी."

"बघते ना," त्या म्हणाल्या. "तो कुणाचा पोर रे?"

दीर घरात निघून गेला.

"मी तुला टोपी मागं कर म्हणून सांगितलं, तेव्हापासून तू ती कधी पुढं घेतली नाहीस. नाक सोललं तरी नाय घेतलीस. आणि पाय मोडल्यावर घेशील? मला पहिल्याच दिवशी कळलं. म्हटलं, माझ्या पोराला मी जेवावं असं वाटतंय, तर जेवते."

ह्यांनी मान खाली घातली. सासूबाई व्रणावर हात ठेवून तशाच बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "खालच्या मोहल्ल्यातला ना? अंगलटीवरून वाटतो. त्याची अम्मा बघते काय रे त्याला?"

"माहीत नाही अम्मा."

"तोंड झाकलेलं. ती तरी कसं ओळखणार?"

आणि मग हे रडले. खुर्चीत बसून, गावच्या ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत, आईच्या डोक्यावर कपाळ टेकून. मीही खांबाला धरून उभी होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, इतके शुक्रवार काय राहून गेलं होतं. त्या बाईने एकदाही "दिसलास" म्हटलं नव्हतं. खेळ बघितला म्हणायची. खोटं तिने आपल्या वाट्याला फारच थोडं घेतलं होतं.

संध्याकाळी सासूबाईंनी खालच्या मोहल्ल्यात निरोप धाडला. त्या मेकॅनिकची आई आली, लाजत, पदर सावरत. तिच्याकडे साधा बटणांचा फोन होता. पुढच्या शुक्रवारपासून मिठाच्या बरणीसमोर दोन पाट पडले.

जेद्दाला परतल्यावर ह्यांनी मेकॅनिकची टोपी स्वतःच्या हाताने उलटी केली. आणि एक नवीन रीत पडली. पहिला चेंडू टाकायच्या आधी हे खुर्चीतून उठायचे, लंगडत कॅमेऱ्यासमोर यायचे, आपली टोपी उलटी करायचे आणि नुसते उभे राहायचे. बोलणं नाही, हात हलवणं नाही. बॉलर थांबायचा, अंपायर थांबायचा, समोरची टीमही थांबायची. मग हे बाजूला व्हायचे आणि खेळ सुरू. मॅचनंतर फोन. "दिसलास," पलीकडून यायचं. "जाड झालास."

सासूबाई पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. झोपेतच गेल्या, एका मंगळवारी पहाटे. आपल्यात मय्यत ठेवत नाहीत. जाऊन परत यायचा व्हिसा, एक्झिट रीएंट्री, हातात पडून विमान मिळेपर्यंत दफन होऊन जाणार होतं, म्हणून हे गेलेच नाहीत. दिराने मोबाइलवर दाखवतो म्हटलं, ह्यांनी नको सांगितलं. त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस हे एक शब्द बोलले नाहीत, आणि माझ्या तोंडालाही, आयुष्यात पहिल्यांदा, कुलूप लागलं.

शुक्रवारी फजरनंतर उठले आणि कपडे घालायला लागले. मला वाटलं, खेळ बंद ठेवला असेल. म्हणाले, "टीमचं काय चुकलंय? आणि त्या पोराची आई बसली असेल." गेले.

मी स्वयंपाकघरात आले. काय करावं सुचेना. कांदा चिरायला घेतला, ठेवून दिला. मग मोबाइल काढला, इतक्या वर्षांत मी जी मॅच एकदाही लावली नव्हती ती शोधून लावली आणि फोन मिठाच्या बरणीला टेकवला.

रिकामं पिच दिसत होतं. स्टंपमागे तो मेकॅनिक, उलट्या टोपीत. बॉलर चेंडू चोळत उभा. आणि एका बाजूने हे आले, लंगडत, सवयीने. कॅमेऱ्यासमोर थांबले. बहुतेक तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं असावं की आता पलीकडे कोणी नाही. हात टोपीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. बॉलर थांबलाच होता. कोणी यल्ला, चला लवकर, म्हटलं नाही, कोणी शिट्टी मारली नाही. मग त्यांनी टोपी काढली, उलटी करून घातली आणि तसेच उभे राहिले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मला माझ्या नवऱ्याचा चेहरा दिसत होता. कपाळावर एक शीर, डाव्या भुवईत पांढरे केस, सोललेलं नाक. इतकं निवांत मीही त्यांना कधी बघितलं नव्हतं.

मॅच संपायच्या वेळेला मी फोन हातात घेऊन बसले. तो वाजणार नाही हे मला कळत होतं. म्हणून मीच लावला.

"काय गं? काय झालं?" हे घाबरून म्हणाले. मी माळावर कधी फोन करत नसे.

"काही नाही," मी म्हटलं. "दिसलात."

"टोपी उलटी होती ना?" त्यांनी विचारलं.

"होती," मी म्हटलं. "या आता घरी, जुम्म्याला उशीर होईल."